प्लेटोला सोडवणारा आर्किटस

सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक नगरात तिथल्या राजाला घडवायला गेलेल्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे जे हाल झाले, त्यावरून तत्त्वज्ञांनी राजकारणात पडूच नये असा सूर काहीजण लावतात. मला तो पटत नाही. त्याच प्रकरणात प्लेटोची सुटका कोणी केली, हे पाहायला हवं.

इ.स.पू. 361-360च्या सुमारास सिराक्यूजचा राजा दुसरा डायोनिसियस याने प्लेटोला अडकवून ठेवलं, तेव्हा दक्षिण इटलीतल्या तारेन्तुमहून आर्किटसने जहाज आणि दूत पाठवले. हा पायथागोरसपंथी तत्त्वज्ञ होता, घनाचं घनफळ दुप्पट करण्याचं कोडं त्याने त्रिमितीय भूमितीने सोडवलं होतं, आणि तोच तारेन्तुमचा सेनापतीही होता! तिथे एकाला हे पद एकच वर्ष मिळे. परंपरा सांगते की आर्किटसला लोकांनी सात वेळा निवडलं आणि रणात तो कधी हरला नाही.

मला सर्वात मोलाचा वाटतो तो त्याचा हिशेबाबद्दलचा विचार. नीट हिशेब मांडला की कलह शमतो, एकोपा वाढतो. गरिबांना सबळांकडून मिळतं आणि श्रीमंत गरजूंना देतात, कारण आपला वाटा न्याय्य असेल याची दोघांनाही खात्री असते, असं तो म्हणतो. प्लेटो एका राजाला घडवायला गेला होता. आर्किटस मात्र नागरिकांनी निवडलेला होता, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.