लहानपणी गाजलेल्या पोरांनी मोठं व्हायचं की नाही?

टिळकवाडीकर
काल एकानं इथं लिहिलं की बालकलाकारानं वय वाढल्यावर कॅमेऱ्यासमोर येऊच नये, लोकांना तो निरागस चेहराच पाहिजे असतो, रिंकू राजगुरूचंच बघा, सैराटनंतर काय केलं म्हणे. वाचून डोकंच तापलं. सैराट 2016 ला आला तेव्हा ती पोरगी पंधराचीही नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच्या कन्नड रिमेकमध्ये, मनसु मल्लिगेमध्ये, परत तीच आर्चीची भूमिका. निर्मात्यालाही आर्ची पाहिजे, आपल्यालाही आर्चीच पाहिजे आणि वर आपणच विचारणार, ही पुढं का जात नाही! 2019 ला कागर केला, 2022 ला झुंडमध्ये दिसली. किती जणांनी तिकीट काढलं ते सांगा की.

शहापूरचा पोरगा
अप्पूकडं बघा, म्हणजे कन्नड हिरो पुनीत राजकुमारकडं. त्याला बेट्टद हूवू पिक्चरसाठी लहानपणीच राष्ट्रीय पुरस्कार, मग 1989 च्या परशुरामनंतर पडद्यावरून गायब, आला तो 2002 ला थेट हिरो म्हणून. मधे तेरा वर्षं. लोक मास्टर लोहित, म्हणजे त्याचं लहानपणीचं पडद्यावरचं नाव, विसरले, मग आला. आपली पोरं थांबत नाहीत, तिथंच चुकतंय.

निपाणीकर
तेरा वर्षं थांबायला कन्नड सुपरस्टार डॉ. राजकुमार बाप असलेलं घर लागतं बाबा. फँड्रीच्या सोमनाथलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, खेड्यातलं पोर ते, त्यानं तेरा वर्षं काय खायचं? आणि सचिन पिळगावकर कुठं थांबले? 1963 ला 'हा माझा मार्ग एकला'मध्ये बालकलाकार, 1975 ला शोलेत अहमद आणि त्याच वर्षी गीत गाता चलचे हिरो.

वडगावकर
मराठी धाग्यावर अप्पू कशाला आणताय? इथं बेळगावात मराठी पिक्चर लागला तर एखादा शो, तोही दुपारचा. मागच्या दिवाळीत आम्ही चौघं गाडी काढून कोल्हापूरला गेलो पिक्चरसाठी. तुमच्यासारखे तिकडच्या हिरोंच्या आरत्या ओवाळतात म्हणून ही वेळ आली.

शहापूरचा पोरगा
तोंड सांभाळून बोला. आई मराठी, मामी कन्नड, घरात दोन्ही बोलतो आम्ही. 2021 ला अप्पू गेला तेव्हा आमच्या गल्लीत मराठी पोरांनीच बॅनर लावला होता, रडली होती पोरं. मराठीचं प्रेम मला तुम्ही शिकवू नका.

वडगावकर
बॅनर लावा नाहीतर देऊळ बांधा. शो मिळत नाही ते खोटं आहे काय?

टिळकवाडीकर
खोटं नाही. पण मिळालेल्या शोला तरी आपण जातो काय? विषय पोरांचा चाललाय हो.

खानापूरची ताई
पोरांचंच सांगते. माझा मुलगा आठव्या वर्षापासून नाटकात, स्पर्धेत तीन बक्षिसं. चौदाव्या वर्षी आवाज फुटला आणि तालमीत सगळ्यांसमोर दिग्दर्शक म्हणाले, आता तुझं काम नाही, उद्यापासून येऊ नकोस. पाहुणे आले की 'तो पाठ म्हणून दाखव' म्हणायचे, हा खोलीचं दार लावून बसायचा. दोन वर्षं. आता एकोणीसचा आहे, नाटकाला लाईट करतो, स्टेजवर पाऊल ठेवत नाही. थांबावं, थांबू नये, हे त्याला विचारलंच कुणी नव्हतं.

शहापूरचा पोरगा
ताई, हे वाचून काय लिहावं कळेना. मधे थांबावं हे माझं मत कायम आहे, पण ते पोरानं ठरवायचं, दुसऱ्यानं हाकलून नव्हे, एवढं मानतो. निपाणीकरांचा घराचा मुद्दाही मानावा लागतोय.

वडगावकर, तुम्ही मात्र 'आरत्या' शब्द अजून मागं घेतला नाहीत.

वडगावकर
घेणार नाही. ताई, मुलगा पुढच्या नाटकाला लाईट करेल तेव्हा इथं कळवा, मी येतो.