टेम्प्टेशन्स : पाचातले तीन गेल्यावर गट तोच राहतो का?

तबकडीवेडा
माझ्यापुरता अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा टेम्प्टेशन्स हा पाच गायकांचा गट १९६८ साली संपला. १९६४ मध्ये डेव्हिड रफिन आला आणि ओटिस विल्यम्स, मेल्विन फ्रँकलिन, पॉल विल्यम्स, एडी केंड्रिक्स यांचा संच भरला. पुढच्याच वर्षी त्यांचं 'माय गर्ल' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. रफिनचा खरखरीत आवाज, वर केंड्रिक्सचा रेशमी फॉल्सेटो (मुद्दाम लावलेला उंच, पातळ आवाज), खाली फ्रँकलिनचा खर्ज. ही वीण पुन्हा जमली नाही. ६८ साली रफिनला काढलं, ७१ मध्ये केंड्रिक्स सोडून गेला आणि पॉल आजारपणामुळे थांबला. मागे राहिली ती पाटी.

खर्ज
साफ नामंजूर. रफिन गेला त्याच वर्षी त्याच्या जागी डेनिस एडवर्ड्सला घेऊन 'क्लाउड नाइन' आलं आणि त्यांच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला तिचं पहिलं ग्रॅमी मिळालं. निर्माता नॉर्मन व्हिटफिल्डने त्यात एकेक ओळ पाचही जणांत वाटली. रफिनला तर गटाच्या आधी स्वतःचं नाव हवं होतं, कार्यक्रमाला दांडीही मारली त्याने. तो राहिला असता तर बाकीचे चौघे त्याचे साथीदार झाले असते. १९७२चं 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन' ऐका, अल्बममधलं, जवळजवळ बारा मिनिटांचं. जवळपास चार मिनिटं नुसती वाद्यं वाजतात, मग एडवर्ड्स तोंड उघडतो. अंगावर काटा येतो!

सांजधून
पण काढून टाकल्यावरही रफिन टेम्प्टेशन्सच्या कार्यक्रमात मंचावर चढून माईक घ्यायचा आणि लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. श्रोत्यांना कोण हवं होतं ते यातच दिसतं. त्याच शहरातले, त्याच कंपनीचे फोर टॉप्स बघा. १९९७ मध्ये लॉरेन्स पेटन वारला तोवर तेच चौघे, चाळीस वर्षांहून जास्त. म्हणजे माणसं टिकवता येतात.

खर्ज
फोर टॉप्समध्ये लेव्हाय स्टब्स हाच मुख्य गायक, ते बाकीच्यांना मान्य होतं. इथे तीन-तीन जण पुढे उभे राहण्याच्या ताकदीचे. घर्षण होणारच, आणि मला तरी ते गाण्यात ऐकू येतं. आपण घराणं म्हणतो तेव्हा गायक बदलले तरी गायकी ओळखतोच ना? फ्रँकलिनचा खर्ज १९६१ पासून १९९५ मध्ये तो जाईपर्यंत तिथेच होता.

तबकडीवेडा
फ्रँकलिनच्या खर्जाचा मुद्दा मानतो. 'जस्ट माय इमॅजिनेशन'ही ७१चं, म्हणजे माझं ६८ जरा घाईचंच झालं. पण त्यात केंड्रिक्स गातोय, जायच्या वाटेवर असताना. तो गेल्यावर तसं नाजूक गाणं या गटाकडून मला मिळालं नाही. आणि घराण्याचं म्हणाल, तर शिष्य बाहेर पडला तरी घराण्याचं नाव लावतो. 'पापा' गाणाऱ्या एडवर्ड्सला पुढे स्वतःच्या गटाला 'टेम्प्टेशन्स रिव्ह्यू' म्हणावं लागलं, कारण नुसत्या 'टेम्प्टेशन्स'वर त्याचा हक्क नव्हता.