नव्या स्क्रीनवर मंगेशीचा दीपस्तंभ जाडा झालाय, काय करू?

फोंड्याचा_पेन्शनर
नमस्कार मंडळी. माझ्या १७ इंची मॉनिटरने या पावसात राम म्हटला. नवा २४ इंची घेतला, लांबलचक आडवा. दुकानातल्या पोराने केबल खुपसली, "काका, बाकी सगळं आपोआप होतं" म्हणाला आणि छत्री घेऊन गेला.

आपोआप झालं ते हे. डेस्कटॉपवर गेली कित्येक वर्षं मंगेशीच्या देवळापुढचा दीपस्तंभ आहे, मीच काढलेला फोटो. पाऊस नुकता थांबलेला, अंगण ओलं, सातही मजले धुतल्यासारखे पांढरे. तोच दीपस्तंभ आता आडवा सुटलाय, जेवून बसलेल्या भटजींसारखा. बायको म्हणते, "देवस्थानाने बांधकाम वाढवलं काय?"

फाईलचं माप बघितलं, १२८० बाय १०२४. स्क्रीन १९२० बाय १०८०. पेंटमध्ये नवे आकडे घालायला गेलो तर एक घातला की दुसरा स्वतःच बदलतो. तिथली टिक काढली तर दोन्ही आकडे मुकाट्याने घेतो, पण दीपस्तंभ पुन्हा जाडाच. जुन्या स्क्रीनवर नीट दिसणारा फोटो नव्यावर असा का?

बीटबाब
पर्सनलायझेशनमध्ये बॅकग्राउंड उघडा. तिथे 'स्ट्रेच' असेल, ते 'फिल' करा. विषय संपला.

फोंड्याचा_पेन्शनर
संपला नाही. जाडी गेली, पण वरचं टोक उडालं आणि खालचा चौथराही. मधलेच मजले उरले, अधांतरी. 'फिट' केलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसारखे. आणि ते स्ट्रेच मी कधी केलेलंच नाही. सीपीयू जुनाच, विंडोज तेच, बदलला तो फक्त मॉनिटर.

कुडचडे_टेक
फोटोचा डीपीआय ३०० करून सेव्ह करा काका. क्वालिटी एकदम सुधारते.

म्हापशाची_स्टुडिओवाली
डीपीआयला हात लावू नका. तो कागदावर छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याचा आकडा. स्क्रीन फक्त पिक्सेल मोजते. ७२ लिहा, ३०० लिहा, वॉलपेपरमध्ये तसूभर फरक पडत नाही. (आमच्याकडे लोक फ्लेक्ससाठी मोबाइलचा स्क्रीनशॉट आणतात आणि 'तीनशे डीपीआय केलाय' म्हणतात. रोज.)

काका, स्ट्रेच तुम्ही केलं नसेल, पण कुणीतरी केलं होतं. जुन्या १७ इंची स्क्रीन बहुतेक १२८० बाय १०२४ च्याच असायच्या, पाचास चार. ज्याने तुम्हाला वॉलपेपर करून दिला त्याने फोटो नेमका त्याच मापाला कापला. त्यामुळे स्ट्रेच असूनही ताणायला काही शिल्लकच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. नवी स्क्रीन सोळास नऊ. रुंदी दीडपट ताणली गेली, उंची जेमतेम पाच टक्के. मग पोट सुटणारच.

पेंटमधली ती टिक म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण राखण्याची. ती काढायची नाही, कधीच. प्रमाण वेगळं असलं की एक तर कापायचं, नाही तर बाजूला जोडायचं. देऊळ-डोंगराचा आडवा फोटो असता तर वरचं आभाळ थोडं कापून चाललं असतं. तुमचा दीपस्तंभ खालपासून वरपर्यंत चौकट भरून उभा आहे, म्हणून जोडा. पण या १२८० च्या तुकड्याला नको, तो मोठा केला की पाणी घातलेल्या सोलकढीसारखा होतो. कॅमेऱ्यातली मूळ फाईल आहे का कुठे? व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी आलेली नको, ते लांबट बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून सोडतं. कुणाकडून मागवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

फोंड्याचा_पेन्शनर
बाय, तू बरोबर ओळखलंस. त्या वेळी कॉम्प्युटर क्लासच्या एका मुलाने करून दिला होता.

सीडी सापडली! जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली. ड्राइव्हचं दार अडकलेलं, पुढच्या बारीक भोकात सरळ केलेला यू-पिन खुपसून उघडलं. मूळ फोटो २५९२ बाय १९४४ आहे.

आणि एक गंमत. मूळ फोटोच्या डाव्या कडेला बायकोच्या निळ्या छत्रीची अर्धी कड आहे! त्या मुलाने पाचास चार करताना दोन्ही बाजू छाटल्या त्यात ती गेली असणार. बायकोला दाखवलं. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मला बाहेर उभी केलीत."

म्हापशाची_स्टुडिओवाली
मग आता छत्री कापायची नाही, काकींची माफी मागायची.

इरफानव्ह्यू नावाचा फोटोचा प्रोग्रॅम घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. फोटो उघडून कंट्रोल आर. उंचीत १०८० लिहा, रुंदी आपोआप १४४० येईल. येत नसेल तर प्रमाणाची टिक गेलीय. रीसॅम्पलवर खूण असू द्या, नाही तर मजल्यांच्या कडांना करवतीसारखे दात येतात.

१९२० मधून १४४० गेले, उरले ४८०. इमेज मेनूत कॅनव्हासचं माप बदलायची सोय आहे. तिथे डावीकडे ४८० घाला, बाकी तिन्ही बाजूंना शून्य, रंग निवडा. डावीकडेच का, तर आयकॉन तिथे असतात. ते पट्ट्यावर बसतील, दीपस्तंभ मोकळा राहील.

नव्या नावाने पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपीजी दिला की विंडोज वॉलपेपर लावताना तो पुन्हा दाबते आणि आभाळासारख्या सपाट भागात डाग दिसू लागतात. शेवटी सेटिंग 'फिल' ठेवा. माप बरोबर असलं की काही कापलं जात नाही, आणि पुढचा मॉनिटर घ्याल तेव्हा निदान पोट तरी सुटणार नाही.

बीटबाब
एवढं सगळं करण्यापेक्षा नवा फोटो काढून आणा की. फोंड्याहून मंगेशी किती लांब?

फोंड्याचा_पेन्शनर
बाब, लांब नाही रे. पण ती छत्री आता नाही ना.

बाय, झालं! दीपस्तंभ सडपातळ, टोकासकट. पहिल्यांदा आभाळाचा फिकट राखाडी रंग घेतला तर आयकॉनखालची पांढरी नावं दिसेनाशी झाली. मग आमच्या कुंपणाच्या भिजलेल्या चिऱ्याचा गडद तांबडा घेतला. आता नावं ठळक वाचता येतात. फक्त फोटो जिथे सुरू होतो तिथे छत्री भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसते, आणि रिसायकल बिन नेमका तिच्या शेजारी आलाय. बायको म्हणते तो तिथून हलव. कुठे हलवू ते सांगा, डाव्या रांगेत जागा नाही.

म्हापशाची_स्टुडिओवाली
डेस्कटॉपवर उजवी क्लिक, व्ह्यू, 'ऑटो अरेंज' काढा. मग माउसने ओढून हवा तिथे न्या. छत्रीपासून लांब.