फ्लक्स, शंट आणि शील्ड: मराठीत काय लिहावं?

प्रश्न (महापे)

ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काम करतो. नव्याने लागलेल्या आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय. मॅग्नेटिक फ्लक्सला (एखाद्या जागेतून जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्राला) ‘चुंबकीय प्रवाह’ आणि तो नको तिथे जाऊ नये म्हणून लावतात त्या शील्डला ‘चुंबकरोधक पत्रा’ असं लिहिलंय. एका मुलाने विचारलं, “पत्रा रोधक आहे, तर मग तो लोखंडाचा कसा? लोखंड तर चुंबकाकडे ओढलं जातं.” त्याला काय सांगू?

उत्तर (वागळे इस्टेट, रिवाइंडिंगचा गाळा)

मुलाने बरोबर जागी बोट ठेवलंय. विजेला रोधक असतो: पोर्सेलीन, मायका, प्रेसबोर्ड. फ्लक्सला तसा रोधक पदार्थ रोजच्या कामात नाहीच, अपवाद फक्त अतिसंवाहकांचा (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांचा). हवा, लाकूड, प्लास्टिक, सगळ्यांतून तो जवळपास सारखाच जातो.

‘प्रवाह’ही काढा. प्रवाह म्हणजे करंट, हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं आणि फ्लक्समध्ये काहीच वाहत नसतं. परिभाषेतला ‘अभिवाह’ एकदा द्या, पुढे फ्लक्सच चालू द्या. फक्त डाग देताना लावतात तो फ्लक्स वेगळा, हे पहिल्याच पानावर सांगा. आमच्याकडे ‘फ्लक्स आण’ म्हटलं की राळेची डबीच येते.

उत्तर (ठाणे, ट्रान्सफॉर्मर डिझाइन)

शील्डसाठी एकच मराठी शब्द शोधू नका, कारण त्या एका नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात.

टाकीच्या आतून सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या लावतात, तो शंट. वाइंडिंगमधून बाहेर पडलेला फ्लक्स टाकीच्या साध्या पोलादात शिरला तर तिथे भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) उठतात आणि टाकी जागोजागी तापते. पट्ट्या त्याला सोपी वाट देतात आणि पातळ पत्र्यांच्या थरांमुळे त्या स्वतः फारशा तापत नाहीत. शंट म्हणजे छप्पर नव्हे, पन्हळ. पाणी अडवायचं नाही, गोळा करून न्यायचं. म्हणून मी ‘वळण-पट्टी’ सुचवेन.

दुसरं, टाकीला आतून लावलेला तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा. बदलता फ्लक्स त्यात भोवरा प्रवाह उठवतो, ते प्रवाह उलटा फ्लक्स तयार करतात आणि मूळ फ्लक्स मागे लोटला जातो. इथे ‘रोधन’ बऱ्यापैकी लागू पडतं, पण फक्त एसीसाठी. स्थिर ठेवलेल्या कायमचुंबकापुढे हाच पत्रा निरुपयोगी.

तिसरं, प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये गुंडाळलेलं, अर्थ केलेलं (जमिनीला जोडलेलं) तांब्याचं फॉइल. त्याचा फ्लक्सशी संबंधच नाही, ते विद्युतक्षेत्रासाठी आहे. त्याची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये इन्सुलेशन हवंच. टेकली तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि फॉइल जळतं. माहितीपत्रकात याला ‘पडदा’ म्हणा आणि ही सूचना ठळक छापा.

प्रश्न (महापे)

पटलं. वळण-पट्टी, लोटपत्रा, पडदा, असे तीन शब्द धरतो. मग सेन्सरच्या वायरभोवती स्वयंपाकघरातलं फॉइल गुंडाळतात, ते कशात बसतं?

उत्तर (ठाणे)

५० हर्ट्झच्या फ्लक्सपुरतं बोलायचं तर कशातच नाही. त्या वारंवारतेला फ्लक्स तांब्यात साधारण ९ मिलिमीटर आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये १२ च्या आसपास खोल शिरतो, तेव्हा कुठे त्याचा जोर एक-तृतीयांशाच्या थोडा वर येतो. फॉइल त्याच्यापुढे नगण्य. ते नीट अर्थ केलं तर विद्युतक्षेत्राचा पडदा म्हणून मात्र उपयोगी पडेल.

सेन्सरला खरंच चुंबकीय संरक्षण हवं असेल तर म्यू-मेटल हा मिश्रधातू घ्या. त्यात निकेल ७५ ते ८० टक्के असतं आणि कमी जोराचा फ्लक्स ते फार सहज ओढून घेतं. पण ०.८ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचं एकक) आसपास ते भरून जातं, म्हणजे आणखी फ्लक्स सहज घेत नाही, सिलिकॉन स्टील मात्र २ टेस्लापर्यंत टिकतं. म्हणून जोराचा फ्लक्स असेल तिथे तो येतो त्या बाजूला स्टीलचा थर आणि आत म्यू-मेटल असा क्रम ठेवतात. म्यू-मेटल वाकवलं, ठोकलं किंवा नुसतं आपटलं तरी त्याचा गुण उतरतो, पुन्हा अ‍ॅनिलिंग (तापवून सावकाश थंड करणं) करावं लागतं. मुलांना हेही लिहून द्या, कारण पत्रा बसेना की हातोडी उचलायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे.