चार सुट्ट्या कोणाच्या?

शिफ्टवाला: भिवंडीत एका गोदामात मी शिफ्ट सांभाळतो. पॅकिंगला दीडशे माणसं. निम्मी बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशची, थोडी ओडिशाची, बाकी स्थानिक, कोकणातली, मराठवाड्यातली. मुस्लीम पोरंही बरीच.

राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी बसून ठरवायच्या. आमच्याकडे बसतं कोण? डिसेंबरात ऑफिसातून कागद येतो: धुळवड, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन. दरवर्षी तोच कागद, वरचं साल तेवढं बदलतं.

मग छठला चाळीस जण एकदम गायब आणि ईदला निम्म्या लाइनचं पोट बिघडतं. माझं म्हणणं, दोन सुट्ट्या सगळ्यांना सारख्या ठेवा, दोन ज्याच्या त्याला निवडू द्या. केंद्र सरकारी नोकरांना दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतातच ना?

माल_सुटलाच_पाहिजे: सरकारी फाइल दोन दिवस थांबते, ट्रक थांबत नाही. निवड दिलीत की दीडशे जणांचे दीडशे सण. लाइनवर आज कोण आहे हेच सुपरवायझरला कळणार नाही. आणि जात, धर्म, गाव गेटबाहेर ठेवून आत यायचं, हा कारखान्याचा जुना शिरस्ता आहे. सगळ्यांना एक कागद, विषय संपला.

रात्रपाळी: तो कागद जरा वाचा. चारही सण कोणाचे आहेत? गेटबाहेर ठेवायचं ते बाकीच्यांनीच, असं दिसतंय. शिवाय उलटा फायदा बघा. ईदला बाकीचे कामावर, गणपतीला मुस्लीम पोरं कामावर. आज लक्ष्मीपूजनाला गोदामाला कुलूपच लागतं ना?

माल_सुटलाच_पाहिजे: छठचं काय मग? तो एका दिवसाचा सण नाही, चार दिवसांचा आहे. वर जायला-यायला दोन-दोन दिवस. ऐच्छिक सुट्टी एक, माणूस गायब आठ दिवस.

निळी_छत्री: मी दोघांशीही सहमत नाही. आमच्या ऑफिसात असा निवडीचा तक्ता भिंतीवर लावला होता. मी 14 एप्रिल लिहिलं. तोवर माझ्या आडनावावरून कोणाला काही कळत नव्हतं. त्यानंतर डब्याला सोबत बसणारे दोघं हळूच दुसऱ्या टेबलावर गेले. तोंडाने कोणी काही बोललं नाही. तुम्ही म्हणाल निवड दिली, पण मला ती सगळ्यांसमोर सांगावी लागली. दोन दिवस द्यायचेत तर कारण न विचारता द्या. कोणी बाबासाहेबांच्या जयंतीला घेईल, कोणी बहिणीच्या लग्नाला. भिंतीवर फक्त तारीख लावा.

रात्रपाळी: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मान्य.

ठेक्यावरचा: भरपगारी भरपगारी काय लावलंय? पॅकिंगची बहुतेक पोरं ठेकेदाराची. आमच्या ठेकेदाराकडे सुट्टी म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. कायद्यात काही का असेना, हातात येतं ते हजेरीवर. आम्हाला छठला गावी जाणं परवडत नाही, तरी जातो. आधी ठेकेदाराच्या बिलात या आठ दिवसांचा पगार धरा, मग तक्ते रंगवा.

माल_सुटलाच_पाहिजे: ठेकेदाराचा मुद्दा बरोबर, पण तो पगाराचा आहे, सणांचा नाही.

ठेक्यावरचा: तुमच्यासाठी दोन असतील. आमच्या पाकिटात दोन्ही एकच.

कोकणची_गाडी: एक साधी गोष्ट. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं. गणपती असो नाहीतर छठ, रजा मंजूर आहे का हे त्याच्या आधी कळलं पाहिजे. आठवडा आधी ‘बघू’ म्हणालात तर माणूस न सांगताच जाणार. मीही तसाच गेलोय, तीनदा.

शिफ्टवाला: नोंद केली. भिंतीवर नावासमोर फक्त तारीख, सण नाही. एका दिवशी लाइनमागे किती जण सुटतील याची मर्यादा आणि मंजुरी 70 दिवस आधी. ठेकेदाराच्या बिलाचं मात्र माझ्या हातात नाही. सोमवारी मॅनेजरसमोर बसतोय, हिशेब करून नेतो. ठेक्यावरचा, तुमच्याकडे आठ दिवसांची माणशी हजेरी किती होते, ते लिहा इथे.

ठेक्यावरचा: रात्री पाळी सुटली की लिहितो.