वर्षाच्या आत शिमग्याची पालखी घरात घ्यावी का?

पडवीतली

नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या अलीकडे. आजी कार्तिकात गेली. जन्म १९३१ चा, त्यामुळे "सोनं झालं" असंच सगळे म्हणाले. आता शिमगा तोंडावर आलाय, गावदेवाची पालखी घरोघर येणार आणि घरात वाद पेटलाय. डोंबिवलीचे काका म्हणतात, वर्ष व्हायचंय, यंदा पालखी गडग्यावरूनच (अंगणाच्या दगडी कुंपणावरूनच) पुढे जाऊ दे, नारळ तिथेच देऊ. आई म्हणते, दारात आलेल्या देवाला परत लावायची रीत या घरात नाही. तुमच्याकडे काय करतात?

वाद एवढा का, ते कळायला आजीबद्दल थोडं सांगते. (थोडं होणार नाही, आधीच सांगून ठेवते.)

आमच्या घरापुढे वस्तीची, म्हणजे रात्री मुक्कामाला राहणारी एसटी थांबायची. रात्री वरच्या घाटीत हॉर्न वाजला की आजी चुलीवर आधण ठेवायची. ड्रायव्हर-कंडक्टर हातपाय धुऊन येईपर्यंत तांदूळ वैरून झालेले असत. बरोबर कुळथाची पिठी, लोणचं, असला तर पापड. आजी माळकरी, घरात मासळी शिजत नसे. पण एका ड्रायव्हरला सुक्या बांगड्याशिवाय घास उतरत नसे, तर त्याच्यासाठी परसात तीन चिऱ्यांची वेगळी चूल मांडून दिली होती. "तुझा देव तुझ्या पोटात, माझा माझ्या गळ्यात," म्हणायची. पैशाचं नाव काढलं की रागवायची. बदली होऊन गेलेल्या एका कंडक्टरने मिरजेहून मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. त्याला नाव ठाऊक नव्हतं, गावाच्या वर नुसतं "वस्तीच्या गाडीच्या आजी" लिहिलेलं. पोस्टमनने बरोबर आणून दिली.

हरिपाठाचे २७ अभंग तोंडपाठ, शाळेची पायरी न चढता. तिन्हीसांजेला देवापुढे बसायची. मध्येच कोणी आलं की तिथेच थांबून "वाईच बस, चाय घे," म्हणायची, आत हाक मारायची आणि त्याच ओळीवरून पुढे सुरू. काका चिडवायचे, ही देवाला होल्डवर ठेवते. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा शेजारची घरं भिऊन आमच्या अंगणात निजायला आली होती, त्या सगळ्यांचा भात एकाच हंड्यात रांधला हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आम्हीच तिथे होतो असं वाटतं. एसटीचा मोठा संप झाला, २०२१-२२ चा, तेव्हा ती नव्वदीत. वस्तीची गाडी बंद. "पगार नाय तर पोरं खातात काय?" म्हणत वाडीतल्या एका कंडक्टरच्या घरी तांदळाची पिशवी पाठवून मोकळी.

आणि शिमगा म्हणजे तर तिचा दिवस. पालखी दारात आली की भोयांच्या पायांवर ती स्वतः पाणी घालायची, मग ओटी, मग गुरवाचं गाऱ्हाणं. मागून खेळे, म्हणजे पालखीबरोबर नाचणारे सोंगाडे, सगळ्यांना जेवण. त्यांच्यातल्या संकासुराच्या सोंगाची उंच टोपी दारात अडकायची आणि तो ती काढायला तयार नसायचा, म्हणून त्याचं पान बाहेर अंगणात.

आता सांगा.

देवरुखवाला

आमच्याकडे, संगमेश्वर तालुक्यात, सुतक फिटलं की पालखीला आडकाठी नसते. वर्षभर घरचे सण आपण साधेपणाने करतो, पण पालखी हा गावाचा देव, तो घरोघर जाणारच. वडील गेले त्या साली पालखी आत घेतली, ओटी भरली, गाऱ्हाण्यात गुरवाने वडिलांचं नाव घेतलं. फक्त अंगणात नाचवली नाही आणि ढोल गडग्याबाहेर थांबवला. पण रीत गावागणिक बदलते. इथे शंभर जणांना विचारण्यापेक्षा तुमच्या गुरवाला नि मानकऱ्यांना एक फोन करा.

निवृत्त वाहक

ताई, मी सांगलीकडचा. राजापूर बाजूला बरीच वर्षं वस्तीच्या गाड्या केल्या. गाडीतच सीटवर झोपायचं, पावसाळ्यात खिडकीतून पाणी, डबा दुपारीच संपलेला. अशा वेळी कुणी "जेवलास काय रे" विचारलं तर काय वाटतं, ते ज्याने वस्ती केली त्यालाच कळेल. आमच्या त्या म्हातारीनं मला सोलकढी प्यायला शिकवलं, आधी मला ते रंगाचं पाणी वाटायचं. पालखीचं मला कळत नाही, आमच्यात पद्धत वेगळी. पण तुमच्या आईचं बरोबर वाटतं.

खाडीकाठ

मी काकांच्या बाजूने बोलते, कुणीतरी बोलायला हवं. आजींनी पानं वाढली, खरंय. भांडी कोणी घासली? तुमच्या आईने. आता आई साठीच्या पुढे असणार आणि चूल फुंकायला दुसरं कोणी नाही. काका "वर्ष व्हायचंय" म्हणतायत, पण मनात हेच असेल, विचारून बघा. आमच्याकडे सासूबाई गेल्यावर पालखी आत घेतली, पण खेळ्यांना पोहे नि चहा दिला. देव रागावला नाही, खेळेही नाही. जेवणच घालायचं तर वाडीतल्या दोघीतिघींना मजुरी देऊन बोलवा. तांदळाला साधारण किलोला आठ माणसं धरतात, पण नाचून आलेल्या खेळ्यांना सहाच धरा.

पडवीतली

सगळ्यांचे आभार. खाडीकाठताई, तुम्ही बरोबर नाडी पकडलीत. काकांना फोन केला तर पाच मिनिटांत म्हणाले, "अगं, वहिनीचे गुडघे बघितलेस का?" हे आधी बोलले असते तर महिनाभर भांडण झालं नसतं.

गुरवकाकांशीही बोलणं झालं. पालखी आत येईल, ओटी होईल, अंगणात नाचणार नाही. जेवण घालायचंच, भात, डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, गोड काही नाही. खर्च काका देणार, वाडीतल्या दोघी येणार, आई फक्त खुर्चीवर बसून हुकूम सोडणार (ते तिला जमेल का, शंका आहे). भोयांच्या पायांवर पाणी मी घालणार.

भातासाठी मोठं तपेलं मंडळाकडे आहे, पण झाकण हरवलंय म्हणतात. गुहागर-चिपळूणकडे भांडी भाड्याने कुठे मिळतात, कोणाला माहीत असेल तर कळवा.