मदत हवी आहे: बॅप्टिस्ट संघटनेचा तक्ता कुठे चुकतोय?

तक्तेवाला: बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या राष्ट्रीय संघटनेवर लेख परवा द्यायचाय. मजकूर तयार आहे, तक्ता अडलाय. वर अध्यक्ष, खाली राज्यं, मग जिल्हे, तळाला चर्चेस असं काढलं. संपादक म्हणतात "उलटं आहे", पुढे बोलत नाहीत. 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढचा धागा बघावा.

नीरक्षीर: कुठली संघटना? कुठला देश?

तक्तेवाला: अमेरिकेतली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. दुसरी कुठली असणार!

कृष्णाकाठ: दुसरी कुठली म्हणजे? कृष्णवर्णीयांची नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८९५ पासून आहे. प्रकाशन मंडळ कोणाच्या ताब्यात यावरून १९१५ मध्ये फुटली, १९६१ मध्ये अध्यक्षाच्या मुदतीवरून पुन्हा. त्यावर लिहा, कोणी लिहीत नाही.

नीरक्षीर: कृष्णाकाठ, वेगळा धागा काढा की.
तक्तेवाला, संपादक बरोबर आहेत. प्रत्येक चर्च स्वायत्त: पास्टर तेच नेमतं, इमारतही त्याचीच. चर्च वार्षिक सभेला मेसेंजर, म्हणजे तिथे मत देणारे आपले सदस्य, पाठवतं. किमान दोन, देणगीच्या प्रमाणात जास्त, पण १२ च्या वर नाही. जूनमधली ही सभा म्हणजेच कन्व्हेन्शन. सभा उठली की नॅशव्हिलची कार्यकारी समिती (१९१७) काम बघते, पण तिचा हुकूम चर्चवर चालत नाही. म्हणून चर्चेस वर, बाण खाली सभेकडे, तिथून विश्वस्त मंडळांकडे, शेवटी ती मंडळं ज्या संस्था चालवतात त्या: धर्मप्रसाराचे मिशन बोर्ड आणि पास्टर घडवणाऱ्या सहा सेमिनऱ्या.

तक्तेवाला: मग अध्यक्ष शोभेचा? १९७९ नंतर पुराणमतवादी गटाने सगळं बदललं ते कसं?

आडवा_छेद: शोभेचा कसला! खरी किल्ली तिथेच आहे. अध्यक्ष 'कमिटी ऑन कमिटीज' नेमतो, ती नामांकन समितीची नावं सुचवते, आणि नामांकन समिती पुढच्या वर्षी विश्वस्तांची. दोन्ही याद्यांना मंजुरी सभेची. विश्वस्त टप्प्याटप्प्याने बदलतात, त्यामुळे एका वर्षात काही होत नाही. ह्यूस्टनला १९७९ मध्ये त्या गटाचे एड्रियन रॉजर्स अध्यक्ष म्हणून निवडून आले, नंतर दरवर्षी त्याच गटाचा अध्यक्ष. दहाएक वर्षांत मंडळं हातात. ही साखळी तक्त्यात नसेल तर तक्ता फाडा.

पानपूरक: विल्यम केरी विसरू नका! १८०५ चं मराठी व्याकरण, १८१० चा कोश मोडी लिपीत!

नीरक्षीर: केरी इंग्लंडच्या बॅप्टिस्ट मिशनचे, ती संस्था १७९२ ची. सदर्न १८४५ ची. इथे संबंध नाही.

तक्तेवाला: १८४५ ला 'मिशनच्या कारभारावरून फूट' लिहिलंय. चालेल ना?

आडवा_छेद: अजिबात नाही. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं का, हा वाद होता. जॉर्जियाच्या जेम्स रीव्हचं नाव १८४४ मध्ये देशातल्या धर्मप्रसाराच्या होम मिशन सोसायटीने मान्य केलं नाही, परदेश मिशनच्या बोर्डानेही अलाबामाच्या बॅप्टिस्टांना नकार कळवला, आणि मे १८४५ मध्ये ऑगस्टा इथे वेगळी कन्व्हेन्शन निघाली. १९९५ च्या ठरावात त्यांनीच गुलामगिरीची भूमिका मान्य करून माफी मागितली. तुम्ही कशाला झाकता?

कृष्णाकाठ: कारभाराचा मुद्दा अगदीच खोटा नाही. आधी प्रत्येक कामाला वेगळी सोसायटी असायची. इथे एका कन्व्हेन्शनखाली अनेक बोर्ड आले. पण तो संघटनेचा आकार झाला, फुटीचं कारण नव्हे.

तक्तेवाला: बरं, बदलतो. राज्य संघटना कुठे ठेवू? आणि पैसा?

नीरक्षीर: राज्य आणि स्थानिक असोसिएशन बाजूला, तुटक रेघेने. त्या राष्ट्रीय संघटनेच्या शाखा नाहीत. पैशाचा बाण मात्र राज्यातून जातो: १९२५ च्या कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅममध्ये चर्च राज्याला देतं, राज्य आपला वाटा ठेवून उरलेलं नॅशव्हिलला पाठवतं, त्यातला साधारण निम्मा परदेश मिशनला. नाताळची लॉटी मून वर्गणी (चीनमधल्या मिशनरी बाईंच्या नावाची) या वाटणीत धरू नका, ती पूर्ण परदेश मिशनची. लाइफवे या संघटनेच्याच प्रकाशन संस्थेलाही इथून पैसा जात नाही. तिकडे बाण काढलात की संपादक पुन्हा "उलटं" म्हणतील.

पानपूरक: मोडी टाइप कोणी पाडला होता, कोणाला माहीत आहे का?